बँडमधला एक जण एकटा गातो तेव्हा

चार-पाच जणांच्या बँडमधला गायक एके दिवशी वेगळेच नाव घेऊन गाणे प्रसिद्ध करतो. त्या गाण्यात खरा ड्रम नसतो, गिटार असलीच तर नावापुरती असते. सिंथेसायझरचे सूर, संगणकात रचलेला ठेका आणि त्याचा एकट्याचा आवाज, एवढाच सारा पसारा. ऐकणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो बँड फुटल्याचा. दुसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो: यंत्रावर जुळवलेल्या या कामाला गाणे म्हणायचे का? चित्रपट आणि मोठ्या संगीत कंपन्यांच्या बाहेर राहून स्वतःच्या बळावर गाणी करणाऱ्या, 'इंडी' म्हणवल्या जाणाऱ्या कलाकारांमध्ये ही वाट आता चांगलीच रुळली आहे. अमरावती आणि अकोल्यातल्या तरुणांच्या हातीही तेच लॅपटॉप आणि तेच हेडफोन आहेत. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न आपल्या घरचे समजून त्यांच्याकडे पाहायला हवे.

आपल्या देशातले याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. सूर्यकांत साहनी हा 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडचा गायक. या बँडची गाणी प्रामुख्याने इंग्रजीत आहेत आणि त्यांवर जुन्या जॅझची नि डिस्कोची छाया आहे. याच साहनीने 'लिफाफा' या नावाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक गाणी करायला घेतली आणि २०१९मध्ये त्याचा 'जागो' हा अल्बम आला. त्यात तो हिंदीत गातो. त्याच वर्षी बँडचाही 'बिस्मिल्ला' हा अल्बम आला आणि २०२४मध्ये 'बीटा'. म्हणजे बँड फुटला नाही. एकाच गळ्यातून दोन कामे समांतर चालू राहिली आणि त्यांतल्या एकट्याच्या कामात भाषा बदलली.

ही भाषेची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बँडची भाषा पाचही जणांना पेलेल अशीच ठरते. ज्यांच्या घरी वेगवेगळे बोलले जाते ते एका मधल्या भाषेवर येऊन थांबतात. एकट्याला ती तडजोड करावी लागत नाही. अर्थात, एकटा झाला म्हणजे भाषा बदलतेच असे नाही. मुंबईच्या 'स्काय रॅबिट' बँडचा गायक रक्षित तिवारी याने 'युअर चिन' नावाने असाच एकट्याचा इलेक्ट्रॉनिक पॉप प्रकल्प उभा केला, तो इंग्रजीतच. पण दार उघडते, हे नक्की. वऱ्हाडातल्या गाणाऱ्याने त्या दारातून काय आत आणावे, याकडे आपण येऊच.

त्याआधी यंत्राबद्दलचा प्रश्न. बँडवाल्याच्या हाती यंत्र पडल्यावर काय होते याची गोष्ट ४५ वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये गॅरी न्यूमन आपल्या 'ट्यूबवे आर्मी' या बँडचा गिटारप्रधान अल्बम करायला स्टुडिओत गेला, तेव्हा तिथे आधीच्या कोणीतरी ठेवलेला मिनिमूग सिंथेसायझर त्याला सापडला. त्याने तो वाजवून पाहिला आणि त्याचे संगीतच पालटले. १९७९मध्ये बँडच्या नावावरचे एक गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याच वर्षी त्याने 'कार्स' हे गाणे स्वतःच्या नावाने काढले. त्यानंतरही बँडमधला त्याचा बेसवादक त्याच्यासोबत वाजवत राहिला.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून विलक्षण आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवणारे चरणजित सिंग हे दुसऱ्यांच्या गाण्यांचे वादक. १९८२मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रे एकत्र जोडली: ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. त्यांवर दहा रागांचा एक अल्बम केला आणि एचएमव्हीने तो काढला. तो फारसा खपला नाही. शिकागोच्या क्लबांत त्याच टीबी-३०३मधून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार गाजायला त्यानंतर चार-पाच वर्षे लागली. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने हा अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला तेव्हा जगाला चरणजित सिंग कळले. २०१५मध्ये ते गेले, पण त्याआधी उतारवयात परदेशातल्या तरुण श्रोत्यांपुढे तेच राग वाजवण्याचे समाधान त्यांना मिळाले. वाद्यवृंदातल्या एका खुर्चीवरच्या माणसाच्या मनात स्वतःचे केवढे संगीत साठलेले असू शकते, हे या अल्बमवरून समजते.

वऱ्हाडाला इलेक्ट्रॉनिक वाद्ये नवीन आहेत, असेही कोणी समजू नये. लग्नाच्या वरातीतला विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. नागपूरकडे मूळ धरलेल्या धुमाल पार्ट्यांनी तर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांचे गाडीवर चढवलेले एक पूर्ण लोकसंगीतच घडवले. ऑक्टोपॅड बाजारात आला १९८५मध्ये. आता त्याच्यावर हात चालवणाऱ्यांची दुसरी पिढी वाजवते आहे. तेव्हा सिंथेसायझरवर पॉप गाणे करणारा अकोल्याचा तरुण परक्याची नक्कल करतो, हा आक्षेप टिकत नाही. त्याच्या कानात लहानपणापासून हेच सूर आहेत. एकट्याने गाऊन सभा बांधून ठेवण्याचे उदाहरणही याच मातीतले आहे. यावलीत १९०९मध्ये जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात एक खंजिरी असे. तिच्या ठेक्यावर हजारोंचा समुदाय डोलत असे.

आता थोडे इथल्या बँडच्या वास्तवाबद्दल. अमरावती आणि अकोल्यात महाविद्यालयीन बँड तयार होतात, स्नेहसंमेलनात आणि युवा महोत्सवात चांगले वाजवतात, आणि पदवीचा निकाल लागला की विरतात. एक जण पुण्याला नोकरीला जातो, दुसरा स्पर्धा परीक्षेला बसतो, तिसऱ्यावर घरची शेती किंवा दुकान येते. उरलेल्या दोघांकडे सरावाला खोली नसते. ड्रमचा आवाज शेजाऱ्यांना सोसत नाही आणि त्यांचेही चुकत नाही. यात कोणाचा दोष काढण्यासारखे नाही. दहा-पंधरा वर्षे एकत्र राहणारा बँड घडायला शहराने त्याच्या सभासदांना दहा-पंधरा वर्षे पोसावे लागते. आपल्या शहरांत ते होत नाही. मग संगीत सोडून द्यायचे, की एकट्याने करता येईल असे रूप त्याला द्यायचे? जो दुसरी वाट धरतो त्याला बँड सोडणारा म्हणणे अन्यायाचे आहे. बहुतेक वेळा बँडमध्ये शेवटपर्यंत उरलेला तोच असतो.

हे काम नेमके होते कसे, तेही समजून घेऊ. एफएल स्टुडिओ, जे १९९७मध्ये फ्रूटी लूप्स या नावाने आले, किंवा २००१मध्ये आलेले एबलटन लाइव्ह, अशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये गाणारा ठेका, बेस, सिंथ आणि आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांवर रचतो. सूर कीबोर्डवर वाजवले जातात, पण संगणकात जातो तो आवाज नव्हे, तर कोणती पट्टी, किती जोराने आणि किती वेळ दाबली याची नोंद. १९८३पासून सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेल्या मिडी पद्धतीमुळे ती नोंद कोणत्याही वाद्याच्या आवाजात ऐकता येते. एक सुरावट पियानोत सुचली आणि बासरीत बरी वाटली, तर ती पुन्हा वाजवायची गरज नाही. हे सोपे झाले आहे, यात शंका नाही. कठीण काय उरले, तर निवड. शेकडो आवाजांतून या गाण्याचे चार कोणते, हे यंत्र सांगत नाही. ठेक्याचा ठोका आणि बेस दोन्ही खर्जातले, ते एकमेकांना झाकतात. म्हणून ठोका पडतो त्या क्षणी बेस जरासा दाबायचा असतो. इलेक्ट्रॉनिक पॉप ऐकताना गाणे श्वास घेत असल्यासारखे वाटते ते यामुळे. तो दाब किती असावा हे कानालाच ठरवावे लागते आणि असा कान तयार व्हायला वर्षे जातात.

आवाज ध्वनिमुद्रित करणे हा यातला सर्वांत मानवी भाग, आणि वऱ्हाडात तो ऋतूवर अवलंबून आहे. माइकला कूलरची घरघर ऐकू येते, पंख्याचीही. मे २०२४मध्ये अकोल्यात उन्हामुळे प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले होते. अशा उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, कूलर बंद करून एक कडवे पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्याच्या मेहनतीला 'बटण दाबले की होते' असे कोणी म्हणू नये. मंचावरही हाच गैरसमज असतो. तयार ट्रॅक लावून त्यावर गाणे आणि लूपचे तुकडे हाताने जोडत-सोडत, श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून गाणे लांबवत-आवरत जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रोत्यांनी दुसरीची अपेक्षा धरावी आणि गाणाऱ्याने ती पूर्ण करावी.

आता ती दारातून आत आणण्याची गोष्ट. आमचे म्हणणे असे की वऱ्हाडातल्या एकट्या गाणाऱ्याने आपली बोली आणावी. वऱ्हाडी आज महाराष्ट्राच्या कानावर पडते ती बहुतेक विनोदातून. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या गुणी नटाने ती घराघरांत पोहोचवली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण या बोलीत दुःखही मावते, प्रेमही मावते, हे साहित्याने केव्हाच दाखवून दिले आहे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६०ची. कौतिकच्या संसाराची ती होरपळ प्रमाण मराठीत लिहिली असती तर ती इतकी भाजली नसती. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीतून गंभीर कविता लिहिली आणि मंचावरून म्हटली. गाण्यात मात्र, त्यातही तरुणांच्या पॉप गाण्यात, प्रेमाची कबुली द्यायची वेळ आली की इथला मुलगाही पुण्याची मराठी किंवा हिंदी वापरतो. घरी आईशी तो जसा बोलतो तसे गाताना त्याला संकोच वाटतो.

हा संकोच मोडण्याची सुरुवात रॅपने केली. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१०० आरबीएच' या नावाने गातो. मुंबईच्या 'स्वदेसी' या बहुभाषिक हिपहॉप समूहाशी तो जोडलेला आहे आणि २०२३मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वातून तो देशभर पोहोचला. जात आणि विषमता या विषयांवर तो थेट बोलतो. विदर्भात भीमगीतांनी आणि कव्वालीने जी स्पष्टवक्ती परंपरा उभी केली, तिच्याशी त्याचे नाते आम्हाला जाणवते. तो रॅपर आहे, इलेक्ट्रॉनिक पॉप करणारा नाही. पण समूहात राहून स्वतःचा स्वतंत्र आवाज कसा राखता येतो, हे त्याने आपल्याच गावातून दाखवले. त्याच 'स्वदेसी'मधला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीत रॅप करायचा. २०२२च्या मार्चमध्ये त्याचा स्वतःचा अल्बम आला आणि त्याच महिन्यात तो तरुण वयात गेला. समूहात प्रत्येकाची भाषा वेगळी असू शकते, हे या मंडळींनी करून दाखवले आहे.

मराठी आणि क्लबचा ठेका यांचे जमते का, ही शंका २०२४ने मिटवली. क्रेटेक्स या नावाने काम करणारा कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे 'गुलाबी साडी' त्याच वर्षी देशभर वाजले. खानदेशचा मुलगा हे करू शकतो, तर शेजारच्या वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना अडवणारे काही नाही. फक्त वेगळेपण हवे असेल, तर त्या गाण्यांचा साचा उचलून चालणार नाही.

एकट्याच्या कामात एक मोठी उणीव असते, तीही सांगितली पाहिजे. बँडच्या खोलीत कोणीतरी म्हणतो, 'हे कडवं लांबलं', आणि वाद होऊन कडवे कापले जाते. एकट्याला कोणी अडवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल मागे घेता येत असल्याने गाणे कधी पूर्णच होत नाही. महिनोन्‌महिने एकाच ट्रॅकवर हात फिरत राहतो. चांगले काम करणारे यावर उपाय करतात: जुन्या बँडमधल्या मित्रालाच पहिला मसुदा ऐकवतात, गाणे ऑटोच्या, कारच्या, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर वाजवून पाहतात. आम्हाला तर वाटते, बँडचा खरा उपयोग तो विखुरल्यावरही संपत नाही. पुण्याला गेलेला ड्रमर फोनवर ऐकून दोन वाक्यांत जे सांगेल, ते अनोळखी श्रोत्यांच्या कौतुकापेक्षा मोलाचे आहे.

याच मैत्रीत कटुता येते ती श्रेयावरून आणि पैशावरून, म्हणून कायद्याबद्दल दोन गोष्टी. एक, बँडमध्ये सगळ्यांनी मिळून बांधलेली चाल एकाने स्वतःच्या प्रकल्पात वापरायची असेल, तर कोणाचे शब्द, कोणाची चाल, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून सहज लिहून घेता येत नाही. ही दुरुस्ती अशा तरुणांसाठीच मोलाची आहे, पण श्रेयाची नोंदच नसेल तर वाटा मागायचा कोणी? दोन, जुन्या गाण्याचा तुकडा कापून आपल्या गाण्यात घालण्याची, म्हणजे सँपलिंगची, या प्रकारात फार आवड असते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, पण त्यातल्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. तुकडोजी महाराज १९६८मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८च्या अखेरपर्यंत आहे. खंजिरी भजनावर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवू पाहणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी, आणि कायदा बाजूला ठेवला तरी श्रद्धेचा मान म्हणूनही घ्यावी. जात्यावरच्या ओव्या किंवा दंडारीची गाणी ही लोकांची. ती मोकळी आहेत. पण कोणा म्हातारीकडून ओवी ध्वनिमुद्रित केली, तर त्या आवाजाचे नाव गाण्यावर यायलाच हवे आणि मिळकतीतला वाटाही तिच्या घरी जायला हवा.

या सगळ्यात गावाचे काम काय, याचे उत्तर आम्ही आइसलंडमध्ये शोधतो. ब्योर्क ही तिथल्या 'शुगरक्यूब्ज' या १९८६मध्ये निघालेल्या बँडची गायिका. बँड थांबल्यावर १९९३मध्ये तिने 'डेब्यू' हा अल्बम काढला. एकट्याने इलेक्ट्रॉनिक पॉपकडे वळणाऱ्या बँडवाल्यांसाठी तो आजही मापदंड मानला जातो. त्या वर्षी अख्ख्या आइसलंडची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. २०११च्या जनगणनेत एकट्या अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांवर आणि अमरावतीची जवळजवळ साडेसहा लाख आहे. तेव्हा गाव लहान आहे ही सबब आपल्याला नाही. त्या देशात गावोगावी संगीतशाळा आहेत आणि त्यांच्या शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार सार्वजनिक तिजोरी उचलते. ब्योर्क लहानपणी अशाच शाळेत शिकली. तरीही 'डेब्यू' करायला तिला लंडनला जावे लागले, कारण त्या काळी यंत्रे आणि ती जाणणारी माणसे तिथे होती. आता यंत्र अकोल्यातल्या टेबलावर आहे. शाळा आणि श्रोते उभे करणे बाकी आहे.

अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह मोठ्या कार्यक्रमांसाठी आहे. पहिल्यांदा गाणाऱ्या एकट्याला त्याचे भाडे झेपणार नाही आणि ते भरणारही नाही. त्याला साठ-सत्तर खुर्च्यांची खोली हवी, दोन स्पीकर आणि एक टेबल. महाविद्यालयांची सेमिनार सभागृहे संध्याकाळी सहानंतर रिकामी असतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमाआधी दोन तासांचा कार्यक्रम तिथे आरामात होईल, आणि बंद खोलीत माफक आवाजात वाजणाऱ्या या संगीताचा मिरवणुकीतल्या डीजेच्या त्रासाशी संबंधही येणार नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणतो. त्यात सुगम गायन आहे, पाश्चात्त्य समूहगीत आहे, लोकवाद्यवृंद आहे. स्वतः लिहिलेले, स्वतः संगणकावर रचलेले आणि स्वतः मंचावर सादर केलेले मूळ गाणे असा एक प्रकार त्यात घालायला नवा निधी लागणार नाही. बोलीतल्या गाण्याला त्यात वेगळे पारितोषिक ठेवावे. परीक्षक म्हणून एक शास्त्रीय संगीताचा शिक्षक, एक ध्वनिमुद्रण जाणणारा आणि एक वऱ्हाडी कवी बसवावा. विद्यार्थी विकास विभागाने महाविद्यालयांना पत्र वेळेत पाठवले, तर येत्या महोत्सवातच पहिली फेरी घेता येईल.